भाड्याचं घर, शिशाचा रंग आणि अंगणातली माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या घराच्या रंगात शिसं आहे असं कळलं की भाडेकरू दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर घाबरून येत्या सुटीलाच दारं-खिडक्या खरवडायला घेतो, नाहीतर 'इतकी वर्षं लोक राहिलेच ना' म्हणून विषय सोडून देतो. विषय सोडणं वाईटच, पण खरवडायला घेणं त्याहून वाईट. का, ते खालच्या उत्तरांत येईल. कायदे देशागणिक, कुठे कुठे तर शहरागणिक बदलतात, म्हणून जिथे कायद्याची गोष्ट आली आहे तिथे तो कुठला हेही लिहिलं आहे.

रंगात शिसं घालायचेच कशाला?

कारण रंग चांगला व्हायचा. लेड कार्बोनेटचा सफेदा तेलात खलला की खालचं सगळं झाकून टाकायचा, ओल सोसायचा आणि वर्षानुवर्षं टिकायचा. लेड क्रोमेटमुळे झगझगीत पिवळा आणि नारिंगी मिळायचा. लोखंडाला गंज धरू नये म्हणून मारायचा शेंदरी प्रायमर अनेकदा लेड टेट्रॉक्साइडचा असायचा. शिवाय ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणून शिशाची संयुगं थोडी थोडी घालत. तेव्हा शोध घ्यायचा तर आधी ऑइल पेंटच्या जागा बघाव्यात: दारं, खिडक्या, चौकटी, गज, जिन्याचे कठडे.

हा धोका आजकाल कळलेला नाही. ब्रिस्बेनचे नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लिहिलं होतं की क्वीन्सलँडमधल्या मुलांना होणारी शिशाची बाधा घरांच्या रंगवलेल्या कठड्यांतून आणि भिंतींतून येते. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये असा करार केला. तरी अमेरिकेने ०.०६ टक्क्यांपेक्षा जास्त शिसं असलेल्या घरगुती रंगांवर बंदी घातली ती १९७८ मध्ये, आणि भारतात ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. ९० पीपीएम म्हणजे एक किलो वाळलेल्या रंगात ९० मिलिग्रॅम शिसं. जुन्या सफेद्याच्या रंगात वाळल्यावर वजनाच्या निम्म्यापर्यंत शिसं असू शकायचं.

घर किती जुनं असेल तर काळजी करायची?

तुमच्या देशात बंदी कधी आली ते आधी बघा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची आकडेवारी सांगते की १९४० पूर्वीच्या ८७ टक्के घरांत, १९४० ते १९५९ मधल्या ६९ टक्के घरांत आणि १९६० ते १९७७ मधल्या २४ टक्के घरांत कुठे ना कुठे शिशाचा रंग आहे. जिथे मर्यादाच उशिरा आली तिथे अगदी अलीकडची इमारतही संशयाबाहेर नाही.

'गेल्याच वर्षी नवा रंग दिलाय' हे उत्तर मालकाकडून हमखास मिळतं. वरचा थर नवा असतो हो, पण पोपडा निघतो तेव्हा तो खालच्या थरांसकट निघतो. वय मोजायचं ते सगळ्यात जुन्या थराचं.

रंग घट्ट आहे, पोपडे नाहीत. तरी धोका आहे का?

भिंतीवर घट्ट बसलेल्या रंगाने बहुतेक वेळा काही होत नाही. शिसं रंगातून वाफेसारखं उडत नाही आणि भिंतीला हात लावल्याने अंगात जात नाही. बाधा होते ती धुळीने. म्हणून रंगात शिसं आहे का यापेक्षा त्या रंगाची धूळ कुठे होते, हे शोधणं जास्त महत्त्वाचं.

धूळ होते ती घासणाऱ्या जागी. तावदान वर-खाली किंवा बाजूला सरकतं ती खाच उघडून बघा: तळाशी करड्या भुकटीचा थर आणि त्यात रंगाचे बारीक कपचे दिसतील. खिडकी दर वेळी उघडताना-मिटताना चौकटीचा रंग किसला जातो, वारा आला की ती भुकटी आतल्या कट्ट्यावर येते, आणि त्याच कट्ट्याला धरून लहान मूल उभं राहायला शिकतं. चौकटीला घासणारं दार, पायऱ्यांच्या कडा, व्हरांड्याची जमीन या जागाही तशाच. आणि मुलाच्या तोंडाच्या उंचीवर येणारी प्रत्येक कड, कारण दात येताना मुलं ती चावतात.

किती धूळ म्हणजे जास्त, याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. अमेरिकेत दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम शिसं असलं की तो रंग 'शिशाचा' ठरतो. असा रंग फक्त एक चौरस फूट, म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर, घासून काढला तर ९२९ मिलिग्रॅम शिसं मोकळं होतं. ते दहा बाय दहाच्या खोलीत सारखं पसरलं तर दर चौरस फुटाला सुमारे ९३०० मायक्रोग्रॅम पडतं. त्याच देशाने २०२४ मध्ये जमिनीवरच्या धुळीसाठी ठरवलेली कारवाईची पातळी आहे ५ मायक्रोग्रॅम. एका चौरस फुटाने मर्यादा अठराशे पटींहून वर जाते. म्हणूनच हौसेने खरवडायला घेणारा भाडेकरू, काहीच न करणाऱ्यापेक्षा मोठं संकट घरात आणतो.

आमचं मूल रंग खात नाही. मग शिसं पोटात जाईल कसं?

पोपडे खाणारी मुलं असतात, पण ती थोडी. बाकीच्यांचं काम हात-तोंड, हात-तोंड असंच चालतं. जमिनीवर रांगायचं, खेळणं धुळीत टाकायचं, उचलून चोखायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतं. लोह किंवा कॅल्शियम कमी असलं, पोट रिकामं असलं, तर आणखी जास्त. मूल पोटभर जेवलेलं असणं हेही थोडंफार संरक्षणच, पण त्याच्या भरवशावर धूळ तशीच ठेवू नये.

लक्षणं काय असतात?

लक्षणांची वाट बघू नका. पोटदुखी, बद्धकोष्ठ, चिडचिड, भूक मंदावणं ही लक्षणं शंभर गोष्टींची असतात आणि कमी प्रमाणात शिसं असताना तीही दिसत नाहीत. परिणाम होतो तो लक्ष लागण्यावर, शिकण्यावर, वागण्यावर, आणि तो बहुतांशी भरून येत नाही.

खरं उत्तर रक्ततपासणीत मिळतं. बोटातून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून तो जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन पडताळतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये लहान मुलांसाठीची संदर्भ पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार आकडा ५ किंवा वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, आणि मुलांमध्ये ४५ किंवा वर गेला तर शिसं बाहेर काढणारी औषधं द्यायची. या आकड्यांच्या खाली सगळं सुरक्षित, असा अर्थ मात्र नाही. शिशाची सुरक्षित पातळी कोणालाच सापडलेली नाही.

गरोदर बाईनेही तपासणी करून घ्यावी. शिसं कॅल्शियमसारखं हाडांत साठतं, तिथे दशकानुदशकं राहतं, आणि गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम वापरलं जाताना ते पुन्हा रक्तात उतरून बाळापर्यंत जातं.

एवढं मात्र नक्की करा की रक्ततपासणी घराच्या तपासणीऐवजी करू नका. मुलाच्या रक्तात आकडा आल्यावर घर तपासायला घेणं म्हणजे मुलालाच मोजमापाचं यंत्र बनवणं. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणची सरकारी यंत्रणा याच क्रमाने हलते.

घर तपासायचं कसं? बाजारातली पुसून बघायची कांडी पुरेशी आहे का?

कांडीवर एकट्या विसंबू नका. ऱ्होडिझोनेटची कांडी शिसं असेल तर गुलाबी-लाल होते, पण लेड क्रोमेटच्या पिवळ्या रंगावर ती गप्प बसू शकते. सल्फाइडची कांडी काळी पडते, पण ती गडद रंगावर कशी दिसणार? शिवाय वरचे थर कापून खालपर्यंत खाच पाडली नाही तर कांडीला जुना रंग भेटतच नाही. 'हो' आलं तर खरं धरा. 'नाही' आलं तर निश्चिंत होऊ नका.

खात्रीचे मार्ग दोन. एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं यंत्र भिंतीला टेकवलं की काही न खरवडता सगळ्या थरांतलं शिसं मोजतं. ते प्रशिक्षित माणसाकडूनच वापरून घ्यायचं. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या थरांसकट रंगाचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवणं.

मला विचाराल तर पैसे एकाच तपासणीपुरते असतील तेव्हा धुळीची तपासणी करा. ठरावीक मापाची जागा ओल्या फडक्याने विशिष्ट पद्धतीने पुसून ते फडकं प्रयोगशाळेत जातं. एक नमुना मूल खेळतं त्या जमिनीचा, एक खिडकीच्या कट्ट्याचा, एक तावदानाच्या खाचेचा. रंगात काय आहे ते एक्सआरएफ सांगतं. तुमच्या मुलाच्या हाताला काय लागतंय ते हे फडकं सांगतं.

मालकाशी बोलायचं कसं? तोंडी सांगितलं तर चालेल का?

तोंडी जरूर सांगा, संबंध बरे राहतात. पण त्याच दिवशी लेखीही द्या, फोटो जोडा आणि प्रत ठेवा. पत्र लांबलचक नको, धमकी नको. साधारण असं:

'आपल्या मालकीच्या वरील पत्त्यावरील घरात आम्ही भाडेकरारानुसार राहत आहोत. मागच्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीचे आणि व्हरांड्याच्या कठड्याचे रंगाचे पोपडे निघत आहेत. फोटो जोडले आहेत. घर जुने असल्याने रंगात शिसे असण्याची शक्यता आहे आणि घरात दोन वर्षांचे मूल आहे. या दोन्ही जागांची तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी. अहवाल येईपर्यंत कोणतेही घासकाम वा रंगकाम करू नये. दुरुस्तीची पद्धत, तारीख आणि करणाऱ्याची माहिती आधी लेखी कळवावी, ही विनंती.'

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य 'घासकाम करू नये' हे आहे. बाकीचं कायदा सांगेल तसं बदला.

कायद्याने मालकावर कसली जबाबदारी असते?

ठिकाणाप्रमाणे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

अमेरिकेत १९७८ पूर्वीचं घर भाड्याने देताना शिशाच्या रंगाबद्दल मालकाला जे माहीत आहे ते, जुन्या अहवालांसकट, करारावर सही होण्याआधी सांगावं लागतं आणि सरकारी माहितीपुस्तिका द्यावी लागते. हा नियम १९९६ पासूनचा. त्यात एक भलीमोठी फट आहे: सांगायचं ते 'माहीत असलेलं'. तपासणी करण्याची सक्ती नाही. त्यामुळे हुशार मालक तपासतच नाही आणि फॉर्मवर निर्धास्तपणे 'माहिती नाही' असं लिहितो. मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा याहून कडक आहे: १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाचा धोका काढणं किंवा आटोक्यात आणणं ही मालकाची जबाबदारी. न्यू यॉर्क शहरात २००४ च्या स्थानिक कायद्याने, १९६० पूर्वीच्या इमारतींच्या मालकांना लहान मूल राहतं का हे भाडेकरूंना दर वर्षी विचारावं लागतं. आणि रॉचेस्टर शहराने २००५ मध्ये ठरवलं की मुलाला बाधा होण्याची वाट न बघता भाड्याची जुनी घरं आधीच तपासायची. मला यातला रॉचेस्टरचा मार्ग सर्वांत शहाणा वाटतो.

भारतातले २०१६ चे नियम, म्हणजे ९० पीपीएमची मर्यादा घालणारे, रंग बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या आणि विकणाऱ्यांसाठी आहेत. भिंतीवर आधीच बसलेल्या रंगाबद्दल ते काही सांगत नाहीत. अशा ठिकाणी भाडेकरूच्या हाताशी खरं हत्यार एकच, करारनामा. सही करण्याआधी त्यात दोन ओळी घालून घ्या: ऑइल पेंट मारलेल्या जुन्या जागांचे पोपडे मालक स्वखर्चाने दुरुस्त करेल, आणि असं कोणतंही काम कोरडं घासून केलं जाणार नाही.

मालक म्हणतो, 'रंगारी पाठवतो, दोन दिवसांत घासून चकाचक करून देईल.' हो म्हणू का?

नाही. निदान तसं नाही.

घरातली सगळ्यात मोठी विषबाधा बहुतेक वेळा अशा भल्या हेतूनेच होते. रंगारी पॉलिश पेपरने, नाहीतर घासायच्या मशीनने चौकटी कोऱ्या करतो, खोलीभर पांढरी धूळ उडते, ती गादीत, पडद्यांत, खेळण्यांत बसते. संध्याकाळी झाडूने झाडलं की बारीक धूळ परत हवेत. वर नवा रंग लागतो, घर छान दिसतं आणि सगळे समाधानी होतात. रंगाऱ्याच्या कपड्यांवरून तीच धूळ त्याच्या घरी, त्याच्या मुलांपर्यंत जाते, हे तर कुणाच्या मनातही येत नाही.

चार गोष्टींना सपशेल नकार द्या: कोरडं घासणं, फिल्टरशिवाय मशीनने घासणं, ज्योतीने किंवा फार तापणाऱ्या हीट गनने रंग जाळून काढणं, आणि बाहेरून जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने रंग उडवणं. तापवल्याने शिशाची वाफ होते आणि ती धुळीपेक्षा सहज फुप्फुसात जाते. फवाऱ्याने सगळे पोपडे मातीत जातात. त्या मातीचं काय होतं ते पुढे आहेच.

मग दुरुस्तीची बरोबर पद्धत कोणती?

काम सुरू होण्याआधी मुलं आणि गरोदर बाई घराबाहेर, आणि शेवटची साफसफाई होईपर्यंत परत नाही. खोलीतलं सामान हलवा, जे हलत नाही ते प्लास्टिकने झाका. जमिनीवर जाड प्लास्टिक पसरून कडा टेपने चिकटवायच्या. अमेरिकेच्या नियमात हे प्लास्टिक आतल्या कामासाठी सहा फूट आणि बाहेरच्या कामासाठी दहा फूट पुढपर्यंत लागतं. दार प्लास्टिकच्या पडद्याने बंद. रंगाचा भाग पाण्याने सतत ओला ठेवत हाताने खरवडायचा. कचरा ओला असतानाच पिशवीत बांधायचा. कामगाराने मास्क घालायचा तो बारीक कण अडवणारा, कापडी रुमाल नव्हे. आणि कामाचे कपडे तिथेच उतरवायचे.

सगळाच रंग काढायला हवा असं मुळीच नाही. घट्ट भिंतीवर नवं पॅनेल ठोकून ती बंद करता येते. काही जागी शिसं कोंडून ठेवणारा खास लेप चालतो. नेहमीचा रंग म्हणजे तो लेप नव्हे. घासणाऱ्या खिडकीवर मात्र लेप टिकत नाही. खिडकी नवीन बसवणं हा तिथला सरळ उपाय आहे, आणि पहिल्यांदा खर्चिक वाटला तरी तोच मालकाच्या फायद्याचा, कारण तिथलं दुखणं कायमचं संपतं.

शेवटी हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं, मग पुन्हा व्हॅक्यूम. 'स्वच्छ दिसतंय' हा पुरावा नाही, कारण ५ मायक्रोग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत. पुसलेल्या धुळीचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि तो बघूनच घरात परत या.

मालक हलेपर्यंत मी काय करू?

बरंच काही करता येतं, आणि त्यातलं काहीही भिंतीला न घासता.

झाडू बंद करा. फरशी, खिडक्यांचे कट्टे आणि खाचा आठवड्यातून निदान एकदा ओल्या फडक्याने पुसा. दोन बादल्या ठेवा, एक साबणाच्या पाण्याची आणि एक फडकं पिळायची, नाहीतर एकाच गढूळ पाण्याने शिसं घरभर फिरवल्यासारखं होतं. फडकी शक्यतो फेकून द्यायची घ्या. साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. बारीक धूळ तो मागच्या बाजूने खोलीत परत सोडतो.

सुटलेल्या पोपड्यांवर रुंद चिकटपट्टी लावा. खराब खिडकी उघडू नका, तिच्यापुढे कपाट ओढा. पाळणा आणि खेळायची चटई खिडकीपासून लांब. चपला-बूट दाराबाहेर. जेवणाआधी आणि झोपण्याआधी मुलाचे हात साबणाने धुवा. सॅनिटायझर जंतू मारतं, शिसं काढत नाही. खेळणी धुवा, चोखायची वस्तू रोज.

अंगणातल्या मातीत शिसं येतं कुठून?

तीन ठिकाणांहून. बाहेरच्या भिंती आणि कठड्यांच्या रंगातून, पूर्वीच्या शिशाच्या पेट्रोलमधून, आणि आसपास बॅटऱ्या फोडण्याचा किंवा धातू वितळवण्याचा धंदा असेल तर त्यातून. शिशाचं पेट्रोल भारतात २००० मध्ये थांबलं, आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये. पण शिसं कुजत नाही, विरत नाही, पावसाने फारसं खाली झिरपतही नाही. ते मातीच्या कणांना धरून वरच्या काही इंचांत बसून राहतं. चाळीस वर्षांपूर्वी गाड्यांच्या धुरातून पडलेलं आजही तिथेच असतं.

जुन्या घराभोवती सगळ्यात वाईट पट्टी असते ती भिंतीच्या पायाशी, जिथे छपराच्या पागोळ्या पडतात. पोपडे तिथेच गळतात आणि पाणी त्यांना तिथेच बसवतं. दुसरी पट्टी रस्त्याकडेची. या दोन्हींच्या मधली माती पुष्कळदा बरी निघते. म्हणून नमुने वेगवेगळे घ्या. प्रत्येक पट्टीतल्या पाच-सहा जागांची थोडी थोडी माती घेऊन एकत्र मिसळा आणि पिशवीवर जागा लिहा. मुलं खेळतात तिथे वरची दोनेक सेंटिमीटर माती पुरे. भाजी लावायची असेल तर पंधरा सेंटिमीटरपर्यंत.

अहवालातला आकडा वाचायचा कसा?

माणसाचा हात न लागलेल्या मातीत साधारण १० ते ५० पीपीएम शिसं असतंच. अमेरिकेत २००१ पासून मुलांच्या खेळायच्या उघड्या मातीसाठी ४०० आणि उरलेल्या आवारासाठी सरासरी १२०० ही धोक्याची पातळी आहे. निवासी जागांच्या मातीसाठी पुढे तपास करायचा की नाही हे ठरवणारा आकडा मात्र २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणला गेला. कॅलिफोर्निया राज्याचा आकडा ८० आहे. आकडे इतके वेगळे का? कारण ही विषाची सीमारेषा नव्हे. कुठे थांबून पैसे खर्च करायचे याचा तो प्रशासकीय निर्णय असतो. दोनशेच्या वर आलं तर मुलांना त्या उघड्या मातीत खेळू देऊ नका, चारशेच्या वर तर माती झाकल्याशिवाय तिथे जाऊही देऊ नका, असं मी सांगेन.

माती खणून फेकून द्यायची का?

क्वचितच, आणि भाडेकरूने तर स्वतःहून कधीच नाही. खणताना धूळ उडते, निघालेली माती टाकायची कुठे हा प्रश्न उरतो आणि मालकाची परवानगी नसेल तर वाद वेगळाच. झाकणं बहुतेक वेळा पुरतं. पायाजवळच्या पट्टीत दाट झुडपं लावा म्हणजे मूल तिथे घुसणार नाही. बाकीच्या उघड्या जागेवर गवत, जाड खडी किंवा लाकडाच्या ढलप्यांचा थर. वाळूचा खड्डा करायचा तर खाली कापड घालून आणि बाहेरून आणलेल्या वाळूचा.

एक क्रम कधीही चुकवू नये: आधी बाहेरची भिंत, मग माती. भिंतीचे पोपडे गळत असताना माती झाकली तर दोन पावसाळ्यांत पहिल्यासारखं होतं.

भाजी लावली तर चालेल?

चालेल, जागा निवडून. झाडं शिसं शोषतात त्यापेक्षा पानांना आणि मुळांना चिकटलेल्या मातीतून जास्त पोटात जातं. त्यामुळे टोमॅटो, वांगी, शेंगा यांसारखी फळभाजी त्यातल्या त्यात निर्धोक. पालेभाजी आणि कंदमुळं जोखमीची. पायापासून आणि रस्त्यापासून दूर, तळाशी कापड घालून, बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा फूटभर उंच वाफा करा. भरपूर कंपोस्ट घाला आणि माती आम्लधर्मी होऊ देऊ नका, सामू ६.५ च्या वर असला की झाडाच्या मुळांना शिसं कमी मिळतं. वाफ्याच्या कडेला जुन्या दारांच्या रंगीत फळ्या लावणारे लोक मी पाहिले आहेत. तेवढं करू नका.

मी मालक आहे. तपासणी केली नाही तर मला माहीतच नव्हतं असं म्हणता येईल ना?

कागदावर कदाचित. पण भाडेकरूने पोपड्यांचे फोटो जोडून पत्र दिलं की तो आडोसा गेला. त्यापुढे काही झालं तर 'माहीत नव्हतं' याचा अर्थ 'बघायचं नव्हतं' असाच लावला जाईल. लहान मुलांच्या कुटुंबांना घरच द्यायचं नाही ही पळवाटही काही मालक काढतात. अमेरिकेत तो घरांबाबतच्या समानतेच्या कायद्याचा भंग आहे. स्वस्त मार्ग सरळ आहे: दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर रिकामं असतं तेव्हा तपासणी करा आणि खिडक्यांची कामं उरका. तेव्हा ना सामान झाकायचं, ना कुणाला बाहेर काढायचं.

दुरुस्ती होईपर्यंत भाडं थांबवू का?

वकिलाला किंवा भाडेकरू संघटनेला विचारल्याशिवाय नाही. बऱ्याच ठिकाणी भाडं थकलं की मालकाला घर खाली करून घ्यायला आयतं कारण मिळतं आणि शिशाचा मुद्दा बाजूलाच राहतो.

पाणी उकळलं तर शिसं जातं का?

नाही. पाणी आटतं आणि शिसं मागे राहतं. नळ जुने असतील तर पाण्याची तपासणी वेगळी करून घ्या.

घर बदलतोय. सामानाबरोबर धूळ नव्या घरात जाईल का?

जाईल, पण आवरता येते. भांडी, प्लास्टिक, लाकडी सामान साबणाच्या पाण्याने पुसून मगच बांधा. कपडे आणि पडदे वेगळे धुवा. खराब खिडकीखाली अंथरलेला गालिचा, तिथली गादी, कापडी खुर्ची यांतली धूळ पूर्ण निघत नाही. जिवावर आलं तरी ती मागे सोडणं बरं. तपासणीचे अहवाल, पत्रांच्या प्रती आणि फोटो जपून ठेवा, अनामत रकमेच्या वेळी लागतात. मुलाच्या रक्ताची तपासणी घर सोडल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा, कारण हाडांतलं शिसं हळूहळू उतरतं. नवं घर बघताना ते रिकामं असतानाच तावदानाची खाच उघडून बघा, आणि सामान उतरवण्याआधी धुळीचा नमुना घ्या.